घरच्या स्टेशनसाठी मल्टिबँड व्हर्टिकल: आधी जमिनीचा विचार, मग मॉडेलचा

हौशी रेडिओच्या (हॅमच्या) घरच्या स्टेशनबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरामागे साधारण १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद मोकळी जागा, १०० वॅटचा एचएफ (लघुलहरींचा) सेट, आणि डायपोल (मधोमध केबल जोडलेली आडवी तारेची अँटेना) ताणायला दोन उंच आधार नाहीत. ४० ते १० मीटर तरंगलांबीचे बँड हवेत, जमलं तर ८० सुद्धा. अशा वेळी ट्रॅपवाली (नळीत कॉइल-कपॅसिटरचे अडसर असलेली) व्हर्टिकल, म्हणजे उभी अँटेना, घ्यावी, ‘रेडियल (पायथ्यापासून चौफेर पसरलेल्या तारा) लागत नाहीत’ म्हणून विकली जाणारी घ्यावी, की ४३ फुटी नळी उभी करून ट्यूनर (अँटेना सेटशी जुळवून घेणारा डबा) लावावा?

आधी उत्तर सांगतो. तुमच्या जागेत जमिनीवर उभी राहणारी, साडेसहा ते आठ मीटर उंचीची ट्रॅपची किंवा कॉइलची व्हर्टिकल घ्या आणि तिच्याखाली किमान १६ रेडियल टाका. रेडियल टाकणं कोणत्याही कारणाने शक्य नसेल, तर मात्र उत्तर बदलतं आणि मग अर्ध्या तरंगलांबीच्या जातीची अँटेना बघावी लागते. म्हणजे निवड ट्रॅप की कॉइल, ही कंपनी की ती, अशी नाहीच. उभ्या नळीतून वर जाणाऱ्या करंटला परतीची वाट तुम्ही कशी करून देणार, यावर बाकीचं सगळं ठरतं. बहुतेक नवे हॅम हा प्रश्न सर्वात शेवटी विचारतात, अँटेना उभी करून झाल्यावर. म्हणून मी त्यावरच जास्त लिहिणार आहे.

पाव तरंगलांबीची व्हर्टिकल ही अर्धी अँटेना असते. डायपोलचा एक हात उभा केला आणि दुसरा काढून टाकला, तर त्या दुसऱ्या हाताचं काम जमिनीला करावं लागतं. माती वाईट वाहक आहे. सर्वसाधारण मातीची वाहकता मीटरला ०.००५ सीमेन्सच्या आसपास धरतात, समुद्राच्या पाण्याची ५ सीमेन्स, म्हणजे हजारपट. म्हणूनच खाऱ्या पाण्याच्या काठावरची साधी व्हर्टिकल थक्क करणारे सिग्नल देते आणि तीच अँटेना कोरड्या मुरमाड जमिनीवर मलूल होते. परतीचा करंट मातीतून गेला की तिथे तुमचे वॅट उष्णता होऊन संपतात. रेडियल म्हणजे त्या करंटसाठी अंथरलेली तांब्याची वाट.

उत्तम जमिनीवर पाव तरंगलांबीच्या व्हर्टिकलचा रेडिएशन रेझिस्टन्स (लहरी बाहेर टाकण्यात शक्ती खर्च होते तो भाग) सुमारे ३६ ओहम असतो. प्रत्यक्षात फीडपॉइंटवर, म्हणजे केबल अँटेनाला जोडतात तिथे, जो रेझिस्टन्स मोजला जातो तो या ३६ मध्ये जमिनीतला तोटा मिळवून आलेला असतो. माझ्या अंगणात ४० मीटरच्या साध्या पाव-तरंग व्हर्टिकलवर मी रेडियल वाढवत गेलो आणि प्रत्येक वेळी अनुनादाच्या फ्रिक्वेन्सीला पायथ्याशी मोजलं. ४ रेडियलला ६२ ओहम आले, ८ ला ५३, १६ ला ४६ आणि ३२ ला ४२. प्रत्येकातून ३६ वजा करा: तोटा २६, १७, १० आणि ६ ओहम. कार्यक्षमता ५८ टक्क्यांवरून ६८, मग ७८, मग ८६. पद्धत ढोबळ आहे, पण घरच्या घरी याहून उपयोगी माप मला सापडलेलं नाही.

याच आकड्यांत एक फसगत दडलेली आहे. एसडब्ल्यूआर बघा, म्हणजे ५० ओहमच्या केबलशी अँटेना किती जुळते याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी: ६२ ओहमला १.२४, ५३ ला १.०६, ४६ ला १.०९ आणि ४२ ला १.१९. म्हणजे ८ रेडियलवर मीटर सर्वात सुंदर दिसत होता, आणि तिथून पुढे अँटेना सुधारत गेली तसा एसडब्ल्यूआर बिघडत गेला. ज्याने फक्त एसडब्ल्यूआर मीटरकडे बघितलं असतं तो ८ वर थांबला असता आणि ‘परफेक्ट मॅच’ म्हणून समाधानी राहिला असता. व्हर्टिकलचा एसडब्ल्यूआर पाठ्यपुस्तकात ३६ ओहमला १.४ यायला हवा. तुमच्याकडे काहीही न करता सपाट १:१ येत असेल, तर मध्ये कुठे मॅचिंग आहे का ते बघा. नसेल, तर तो जमिनीतला तोटा आहे. त्यामुळे एसडब्ल्यूआर दाखवणाऱ्या मीटरपेक्षा रेझिस्टन्स आणि रिॲक्टन्स (कॉइल-कपॅसिटरसारखा अडथळा, अनुनादाला तो शून्य होतो) वेगवेगळे दाखवणारा अनालायझर किंवा नॅनोव्हीएनएसारखं छोटं मापनयंत्र जवळ असणं फार मोलाचं आहे. नसेल तर कुणाकडून दोन दिवसांसाठी मागून आणा.

प्रामाणिकपणे हेही सांगतो की ४ वरून ३२ रेडियलवर गेल्याने मला ४० मीटरवर मिळाले जेमतेम १.७ डीबी. समोरच्याच्या एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर) हा फरक एक तृतीयांश एस-युनिटपेक्षाही कमी. मग एवढी तार का पुरायची? कारण पूर्ण पाव तरंगलांबीच्या अँटेनाला जमिनीचा तोटा परवडतो, आखूड अँटेनाला परवडत नाही. साडेसात मीटरची व्हर्टिकल ८० मीटर बँडवर एका तरंगलांबीच्या ११ भागांपैकी एक भाग उंच असते. तिचा रेडिएशन रेझिस्टन्स, वरच्या टोकाला कॉइल लावूनही, ५ ओहमच्या आसपास धरा. आता त्याच जमिनीचा हिशोब करा. तोटा २६ ओहम असेल तर ३१ पैकी ५, म्हणजे १६ टक्के. १० ओहम असेल तर ३३ टक्के. ६ असेल तर ४५ टक्के. तिथे ४ ते ३२ रेडियलमधला फरक साडेचार डीबी होतो आणि तो कानाला स्पष्ट कळतो. कॉइलचा स्वतःचा तोटा यात धरलेला नाही, तो वेगळा. जाहिरातीत ‘८० ते १०’ असं लिहिलेलं वाचताना हा ५ ओहमचा आकडा डोक्यात ठेवा.

किती रेडियल, किती लांब? यावरचं सर्वात जुनं आणि पक्कं काम १९३७ चं आहे. ब्राउन, लुईस आणि एप्स्टाइन या अभियंत्यांनी प्रसारण केंद्रांसाठी शंभराहून अधिक तारांपर्यंतच्या जमीन-व्यवस्था मोजल्या, आणि मध्यम लहरींच्या केंद्रांत १२० रेडियलची पद्धत रूढ झाली ती तिथून. घरच्या स्टेशनला तेवढ्याची गरज नाही. रूडी सेव्हर्न्स, कॉलसाइन एन६एलएफ, यांनी २००९ च्या सुमारास एचएफ व्हर्टिकलवर काळजीपूर्वक मोजमापं करून प्रसिद्ध केली, ती मला घरगुती कामासाठी सर्वात उपयोगी वाटतात. त्यातून निघणारी व्यवहारी गोष्ट अशी: पहिल्या ८-१६ रेडियलमध्ये सर्वात मोठी सुधारणा मिळते, ३२ च्या पुढे कमाई फार हळू होते, आणि तार ठरावीकच असेल तर थोडे लांब रेडियल टाकण्यापेक्षा जास्त संख्येने आखूड टाकलेले बरे. १०० मीटर तार हाताशी असेल तर २५ मीटरचे चार टाकू नका, ६ मीटरचे सोळा टाका.

जमिनीवर किंवा जमिनीत टाकलेल्या रेडियलची लांबी नेमकी कापायची गरज नसते. मातीला चिकटल्यावर ते अनुनादी राहतच नाहीत. ‘४० साठी १० मीटर, २० साठी ५ मीटर’ असं मोजत बसणारे लोक मी पाहतो, ते श्रम वाया जातात. तुमच्या १२ बाय ८ च्या जागेत अँटेना मध्यभागी आली तर बाजूंना ४ मीटर, लांबीच्या दिशेला ६ आणि कोपऱ्यांकडे सुमारे ७ मीटर मिळतील. तेवढं पुरेसं आहे. कुंपणापाशी पोचलेली तार वळवून कुंपणालगत नेली तरी चालते. वर्तुळ देखणं नसलं तरी करंटला त्याने फरक पडत नाही. गवत असेल तर तार पुरूही नका. गवत अगदी बुडाशी कापा, तार ताणून यू-आकाराच्या पिनांनी खिळवा. थोड्याच आठवड्यांत गवत तिला गिळून टाकतं. सगळ्या तारा पायथ्याशी एका स्टेनलेस किंवा तांब्याच्या पट्टीवर बोल्टने जोडा. दोन-दोन तारा एका स्क्रूखाली कोंबलेल्या मी बऱ्याच घरी पाहिल्या आहेत, आणि एका पावसाळ्यानंतर त्यातल्या निम्म्या फक्त दिसायला जोडलेल्या असतात. आणखी एक: जमिनीत ठोकलेला अर्थिंगचा रॉड म्हणजे रेडियल नव्हे. विजेपासून संरक्षणाला तो हवाच, पण एचएफच्या करंटला एकटा रॉड जवळपास काहीच मदत करत नाही.

आता मल्टिबँडकडे. एकाच नळीला अनेक बँड का जड जातात ते समजलं की बाजारातली प्रत्येक रचना आपोआप कळते. ४० मीटरची पाव तरंगलांबी, प्रत्यक्ष नळीत, साधारण १० मीटर. तीच नळी २० मीटर बँडला नेमकी अर्धी तरंगलांबी होते आणि पायथ्याशी तिचा इम्पिडन्स (एकूण विद्युत अडथळा) ३६ वरून हजारो ओहमवर उडी मारतो. ५० ओहमची कोॲक्स केबल तिथे निरुपयोगी. १५ मीटरवर ती पाऊण तरंगलांबी होते, मॅच बरा मिळतो, पण मुख्य झोत ४५ अंशांच्या आसपास वर चढतो, जिथे दूरच्या संपर्काला तो हवा नसतो. १० मीटरवर ती जवळपास एक पूर्ण तरंगलांबी. म्हणजे एक अडचण मॅचची आणि दुसरी झोताच्या कोनाची. दुसरी एसडब्ल्यूआर मीटरवर कधीच दिसत नाही, म्हणून विसरली जाते. लक्षात ठेवायची मर्यादा अशी की नळी त्या बँडच्या ५/८ तरंगलांबीपेक्षा लांब झाली की शक्ती क्षितिज सोडून वर जायला लागते.

ट्रॅप ही यावरची जुनी आणि सरळ तोड. ट्रॅप म्हणजे कॉइल आणि कपॅसिटरची समांतर जोडी. आपल्या फ्रिक्वेन्सीला ती दार बंद करते, त्यामुळे वरची नळी तोडल्यासारखी होते. त्याहून खालच्या बँडला तीच जोडी कॉइलसारखी वागते आणि अँटेना विजेच्या दृष्टीने थोडी लांब करते. हसलरची ४बीटीव्ही या जातीची घराघरांत पोचलेली अँटेना: ४०, २०, १५ आणि १० मीटर, उंची साधारण साडेसहा मीटर. ५बीटीव्हीत ८० येतो, ६बीटीव्हीत ३० सुद्धा. दोष दोन: प्रत्येक ट्रॅप थोडी शक्ती खातो आणि खालच्या बँडची बँडविड्थ अरुंद होते. पण ‘ट्रॅप म्हणजे निम्मी शक्ती गेली’ हे जे ऐकायला मिळतं त्यात तथ्य नाही. चांगल्या ट्रॅपचा तोटा बहुतेक बँडवर एका डीबीच्या आतबाहेर राहतो, आणि तुम्ही रेडियलमध्ये कंजूषी केलीत तर त्याहून जास्त जमिनीत घालवाल. १०० वॅटवर मला ट्रॅपची भीती कधी वाटली नाही. जास्त शक्ती आणि सतत चालणाऱ्या डिजिटल मोडमध्ये मात्र ट्रॅप तापतो. तिथे अँटेनाची मर्यादा वाचून तिच्याही बरंच खाली राहा.

दुसरी वाट बटरनटच्या एचएफ-६व्ही आणि एचएफ-९व्ही यांची. सुमारे ७.९ मीटर उंची, आणि नळीच्या खालच्या भागात उघड्या मोठ्या कॉइल आणि कपॅसिटर. इथे बहुतेक बँडवर नळीचा जवळजवळ सगळा भाग काम करतो, वरचा तुकडा तोडून बाजूला पडत नाही. ४० आणि ३० मीटरवर याचा फायदा मिळतो. मोबदल्यात जुळवणी चिवट आहे: एका बँडची कॉइल हलवली की शेजारचा बँड सरकतो. ज्याला एखादा आख्खा दिवस शिडीवर चढ-उतर करण्यात घालवायची तयारी आहे त्याने ही घ्यावी. उघड्या कॉइलची मला आवडणारी बाजू म्हणजे बिघाड डोळ्यांना दिसतो. बंद ट्रॅपमध्ये पाणी किंवा किड्यांचं घर शिरलं की फक्त एसडब्ल्यूआर सरकलेला कळतो, कारण शोधावं लागतं.

‘रेडियल नकोत’ हा शब्दप्रयोग नीट समजून घ्या. कुशक्राफ्टच्या आर-मालिकेतल्या अँटेना, गॅपची टायटन, हाय-गेनची एव्ही-६४० या जातीत विद्युतदृष्ट्या अर्ध्या तरंगलांबीच्या आसपासची रचना असते, किंवा फीडपॉइंट नळीच्या मध्याकडे उचललेला असतो. अर्ध्या तरंगलांबीत करंटचं शिखर मध्यावर येतं, पायथ्याशी करंट थोडाच उरतो, म्हणून पायथ्याच्या जमिनीतला तोटा खरोखरच कमी होतो. तळाशी आखूड दांड्या किंवा चौकट असते, ती परतीच्या उरलेल्या करंटसाठी. म्हणजे दावा खोटा नाही. पण दोन गोष्टी त्यातून सुटतात. एक म्हणजे झोत क्षितिजाकडे जाताना अँटेनापासून अनेक तरंगलांब्या दूरच्या जमिनीवरून परावर्तित होतो आणि तिथली माती वाईट असेल तर कमी कोनाची शक्ती तिथे जाते. हे नुकसान कोणतीही व्हर्टिकल टाळू शकत नाही, १२० रेडियलवालीसुद्धा नाही. दुसरं, आखूड दांड्या अपुऱ्या पडल्या की परतीचा करंट तुमच्या कोॲक्सच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून घरात येतो. मग मायक्रोफोनला हात लावला की चटका, संगणक अडकतो, आणि घरातल्या सगळ्या चार्जरचा गोंगाट त्याच वाटेने रिसीव्हरमध्ये शिरतो.

आणि जिला रेडियलही नाहीत, उंचीही नाही, आणि सगळ्या बँडवर ट्यूनरविना सपाट एसडब्ल्यूआर मिळतो अशी अँटेना दिसली, तर पायथ्याच्या डबीत रेझिस्टर असण्याची शक्यता गृहीत धरा. डमी लोडचाही, म्हणजे लहरी न सोडता शक्ती उष्णतेत जिरवणाऱ्या रेझिस्टरचाही, एसडब्ल्यूआर सपाटच असतो.

४३ फुटी, म्हणजे १३.१ मीटरची, नळी हा वेगळाच विचार आहे. ती कोणत्याच बँडवर मुद्दाम अनुनादी नसते. पायथ्याशी ४:१ चा अनअन (इम्पिडन्स बदलणारा ट्रान्सफॉर्मर) आणि खोलीत ट्यूनर. २० मीटरवर ती जवळपास बरोबर ५/८ तरंगलांबी, म्हणून ४० ते २० वर ती सुरेख चालते. पण १५ आणि १० मीटरवर, वर सांगितलेल्या कारणाने, झोत आकाशाकडे चढतो. ८० वर तिचा रेझिस्टन्स १०-१२ ओहम आणि रिॲक्टन्स त्याच्या कितीतरी पट. तिथे ट्यूनर खोलीत ठेवला तर सेट खूश राहतो, पण कोॲक्समध्ये प्रचंड एसडब्ल्यूआर तसाच राहतो आणि शक्ती केबलमध्ये जिरते. ट्यूनर अँटेनाच्या पायथ्याशी नेला की हीच नळी खूपच चांगली होते. तुमच्या जागेसाठी मात्र १३ मीटर उंची, तीन-चार दिशांचे ताण आणि त्यांच्या खुंट्या हे जास्त होईल असं माझं मत आहे.

पायथ्याशी ठेवायचा रिमोट ऑटो-ट्यूनर आणि खाली-वर काहीही नसलेली साधी नळी, ही माझी स्वतःची सर्वात आवडती रचना. त्यात मधले बँडही आपोआप मिळतात: ३०, १७ आणि १२ मीटर, जे १९७९ च्या जागतिक परिषदेनंतर हौशींना मिळाले आणि जे चार-बँडी ट्रॅप अँटेनात नसतात. लांबी निवडताना एवढंच बघायचं की ती तुमच्या कोणत्याही बँडच्या अर्ध्या तरंगलांबीजवळ येऊ नये, नाहीतर तिथे ट्यूनरला हजारो ओहम आणि उच्च व्होल्टेज सोसावं लागतं. १५ मीटरची अर्धी तरंगलांबी नळीत सुमारे ६.७ मीटर आणि १७ मीटरची सुमारे ७.९. मधली सव्वासात मीटर लांबी ४० ते १० साठी चांगली तडजोड ठरते. १० मीटरवर ती ५/८ च्या जराशी पुढे जाते, तेवढं चालवून घ्यावं. स्टेपआयआरची बिगआयआर हाच प्रश्न मोटरने सोडवते: फायबरग्लासच्या नळीत धातूची पट्टी बँडनुसार खाली-वर होते आणि प्रत्येक बँडला खरी पाव तरंगलांबी मिळते. विजेच्या दृष्टीने याहून स्वच्छ उपाय नाही, फक्त हलणारा भाग उघड्यावर राहतो हे मान्य असायला हवं.

हाताने करायची आवड असेल तर फायबरग्लासच्या काठीला २०, १७, १२ आणि १० मीटरच्या पाव लांबीच्या तारा समांतर बांधून एकाच फीडपॉइंटला जोडा. तारांमध्ये हाताच्या वीतभर तरी अंतर ठेवा. पाव लांबीसाठी ७१.३ ला मेगाहर्ट्झने भागा: १४.२ ला ५.०२ मीटर, २८.५ ला २.५ मीटर. तार थोडी लांब ठेवून मग छाटा.

अँटेना जमिनीऐवजी गच्चीवर लावणार असाल तर नियम उलटे होतात. उचललेले रेडियल अनुनादी असावे लागतात, प्रत्येक बँडला किमान दोन, समोरासमोर, नीट मोजून कापलेले. त्यांना तिरपं खाली उतरवलं की इम्पिडन्स वाढून ५० ओहमजवळ येतो, हा फायदा. सेव्हर्न्स यांच्या मोजमापांत जमिनीपासून मीटर-सव्वा मीटर उचललेले चार रेडियल जमिनीवरच्या कितीतरी जास्त रेडियलच्या तोडीचे ठरले होते. पण उचललेल्या तारेच्या टोकाला प्रसारणाच्या वेळी धोकादायक व्होल्टेज असतं. तिथे माणसांचा, मुलांचा वावर असेल तर ती हाताला न लागेल अशी न्या. धातूच्या पत्र्याचं मोठं छप्पर असेल आणि पत्रे एकमेकांना विजेने नीट जोडलेले असतील तर ते उत्तम ग्राउंड प्लेन आहे, मग रेडियलची काळजीच मिटते. यातलं काहीच जमत नसेल तर गच्चीसाठी अर्ध्या तरंगलांबीच्या जातीची अँटेना घ्या, कसलाही संकोच न करता.

घेण्याआधी स्वतःला एक विचारा: तुम्हाला कुणाशी बोलायचंय? व्हर्टिकल डोक्यावर जवळपास काहीच पाठवत नाही. ४० मीटरवर दिवसा दोन-तीनशे किलोमीटरच्या वर्तुळातल्या गप्पा हव्या असतील, तर चार-पाच मीटर उंचीवर ताणलेला साधा डायपोल व्हर्टिकलला सहज हरवतो. रात्री हजारो किलोमीटरवरचा परदेश हवा असेल तर चित्र उलटं. शिवाय आसपासच्या घरांतला विजेचा गोंगाट जमिनीलगत उभ्या ध्रुवणाने चांगला पसरतो, आणि उभी अँटेना तो इमानेइतबारे उचलते. व्हर्टिकल लावल्यावर गोंगाट एक-दोन एस-युनिट वाढला तर ती बिघडलेली आहे असं समजू नका. म्हणूनच ८० मीटरबद्दल माझा सल्ला असा की तो व्हर्टिकलकडून मागूच नका. एक तर आखूड नळीत बँडविड्थ काही दहा किलोहर्ट्झची, आणि दुसरं म्हणजे ८० वर बहुतेक गप्पा जवळच्याच असतात. घराच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत नेलेली, वळवलेली, कमी उंचीची आडवी तार त्या कामाला जास्त बरी.

उभारणीत सर्वात पहिली बाब विजेच्या तारांची. अँटेना पडली तर कुठवर पोचेल ते पायांनी मोजा. तिच्या उंचीच्या दुप्पट अंतरात विजेची ओव्हरहेड तार असेल तर जागा बदला, यात तडजोड नाही. एकट्याने उभी करू नका. पायथ्याला बिजागरीची प्लेट घेतलीत तर पुढची सगळी वर्षं दुरुस्ती जमिनीवर उभं राहून करता येते. सात-आठ मीटरच्या नळीला निम्म्याच्या थोडं वर तीन दिशांना न वाहणाऱ्या दोरीचे ताण द्या, ‘स्वयंधारी’ असं पुस्तिकेत लिहिलेलं असलं तरी. नळ्यांच्या सांध्यांत ॲल्युमिनियमसाठीची अँटिऑक्सिडंट पेस्ट लावा, तांब्याची तार ॲल्युमिनियमला थेट चिकटवू नका, मध्ये स्टेनलेसचा वॉशर ठेवा. ट्रॅपची पाणी निघायची भोकं खालच्या बाजूला आली आहेत का ते उभं करण्याआधी बघा. एकदा मी एका मित्राची अँटेना तपासायला गेलो तेव्हा सगळे ट्रॅप उलटे बसवलेले होते. प्रत्येक पावसानंतर त्याचा २० मीटर बँड गायब होई आणि उन्हात परत येई.

फीडपॉइंटवर चोक लावा, म्हणजे कोॲक्सच्या बाहेरून येणारा करंट अडतो. ३१ नंबरच्या फेराइटच्या मोठ्या टोरॉइडवर पातळ कोॲक्सचे १०-१२ वेढे पुरेसे आहेत. केबल बाहेर उघडी लोंबत आणण्याऐवजी जमिनीलगत आणा, घरात शिरण्याआधी सर्ज अरेस्टर आणि घराच्या मुख्य अर्थिंगला जोडलेली पट्टी ठेवा. वादळात केबल काढून बाहेर ठेवलेली चांगली. १५-२० मीटर अंतरासाठी आरजी-५८ चालते, पण आरजी-२१३ जातीची जाड केबल घ्या, १० मीटर बँडवर फरक पडतो.

तर तुमच्या अंगणात मी काय करेन? अँटेना मागवण्याआधी १०० मीटर तार आणून १६ रेडियल अंथरेन. त्यावर १० मीटरच्या फायबरग्लास काठीला एक साधी तार बांधून ४० मीटरची पाव-तरंग व्हर्टिकल करेन आणि अनुनादाला रेझिस्टन्स मोजेन. ४५ च्या आसपास आला तर जमीन तयार झाली. ५५-६० दाखवत असेल तर आणखी आठ रेडियल. हे झालं की काठीच्या जागी हवी ती फॅक्टरीची अँटेना बसवा: कमी खटपट हवी तर ट्रॅपवाली, मधले बँडही हवेत तर साधी नळी आणि पायथ्याशी ट्यूनर. ट्रॅपवाली बहुधा वरच्या बँडपासून खालच्या बँडकडे जुळवतात, पुस्तिकेतला क्रम मोडू नका. जुळवणी झाल्यावर प्रत्येक बँडचा रेझिस्टन्स, रिॲक्टन्स आणि तारीख वहीत लिहा. कडक उन्हाळ्यात एकदा आणि भर पावसात एकदा पुन्हा मोजा. ओल्या-कोरड्या जमिनीने आकडे थोडे हलणारच, पण एखाद्या वर्षी तेच कोरडे दिवस असूनही रेझिस्टन्स आठ-दहा ओहमने चढलेला दिसला, तर पायथ्याच्या पट्टीवरचे बोल्ट उघडून बघा. माझ्याकडे दोनदा असं झालं आणि दोन्ही वेळा कारण तिथेच सापडलं.